खटका वाजेपर्यंत

धानोऱ्याच्या बस स्टँडसमोर गुणवंतरावांचा फोटो स्टुडिओ होता, आणि गुणवंतरावांचा एक जुना तोरा होता. ज्याचा फोटो एकदा काढला त्याचा चेहरा आपण जन्मात विसरत नाही, असं ते सांगायचे. बाजारात, लग्नात, तहसीलच्या रांगेत कुणालाही हटकायचे, "काऊन हो, तुमचा पासपोर्ट साइज मीच काढला होता ना, चौऱ्याण्णव साली?" समोरचा गांगरून हो म्हणायचा. काढला नसला तरी म्हणायचा, कारण फोटोवाल्याशी वैर घेऊन पुढच्या फोटोत डोळे मिटलेले कुणाला हवेत! १९९८ सालच्या भाद्रपदात मात्र हा तोरा चांगलाच उतरला.

मासेमार मनसाराम ढीवर वारल्याचं त्यांना चौथ्या दिवशी कळलं. तीन दिवस ताप आला, डोक्यात गेला, आणि साठीतला धडधाकट माणूस संपला. गुणवंतरावांनी स्टुडिओचं शटर ओढलं, लुना काढली आणि तीन कोसांवरच्या कनेरीटोल्याला गेले. कवेलूच्या छपराचं घर, भिंतीला टांगलेलं जाळं. घरापुढच्या सपरीत मनसारामची बायको चंदाबाई बसली होती, आणि मूल गावी दिलेली लेक रीता तिच्या पाठीवरून हात फिरवत होती.

बोलणं झालं, पाणी झालं. मग रीता म्हणाली, "काकाजी, तेरवीले ठेवाले बाबाचा एक बी फोटो नाई घरी. इलेक्शनच्या कार्डावाले आले तवा बाबा नदीवर होते. पन तुमच्यासंग तं वर्षभर हिंडले ना? तुमच्यापाशी असंल एखादा."

"असंल म्हंजे? हायेच ना!" गुणवंतराव छातीवर हात ठेवून म्हणाले. "मी सोता काढला. तलावाच्या पाळीवर उभा करून. तेरवीच्या आधी मोठा करून, फ्रेम लावून आनून देतो."

रीताला रडूच फुटलं. चंदाबाईंनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. पाहतच राहिल्या. त्या नजरेत आनंद होता की आणखी काही, गुणवंतरावांना उमगेना.

"पाहा जी," त्या हळूच म्हणाल्या, "सापडला तं आना."

सापडला तर? हे वाक्य त्यांना परतीच्या वाटेवर बोचत राहिलं. फोटो काय रानातली शेळी आहे हरवायला?

आता हे वर्षभर हिंडण्याचं प्रकरण असं होतं. चंद्रपूरच्या एका कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या कोंतमवार सरांना झाडीपट्टीतल्या फुलांचं पुस्तक करायचं होतं. एक भाद्रपद ते पुढचा श्रावण, दर महिन्याला जे फुलेल ते अगदी जवळून टिपायचं. केसर दिसले पाहिजेत, पाकळीवरची लव दिसली पाहिजे. त्यांनी गुणवंतरावांना कॅमेऱ्याच्या भिंगावर चढवायचं आणखी एक भिंग दिलं, दर महिन्याला छत्तीस फोटोंचा एक रोल बसच्या कंडक्टरबरोबर पाठवायचं कबूल केलं, आणि एक अट घातली. फोटोत फूल, पान, फळ, एवढंच. माणूस नको, हात नको, बोटसुद्धा नको.

नवरानवरी आणि बारशाची बाळं टिपण्यात हयात गेलेल्या माणसाला फुलाचं काय अवघड, असं गुणवंतरावांना वाटलं होतं. पहिल्याच रोलात त्यांचं नाक कापलं गेलं. इतक्या जवळ गेल्यावर झुळूक आली तरी फूल अख्खं डोळ्यापुढून निघून जायचं. नवऱ्या मुलाला "हलू नको" सांगता येतं. तलावातल्या पोयण्याला, त्या पांढऱ्या कमळाला, कोण सांगणार?

ते मनसारामने सांगितलं. तो छातीभर पाण्यात उतरायचा, पाण्याखालून पोयण्याचा देठ दोन बोटांत धरायचा, आणि फूल गप्प उभं राहायचं. गुणवंतराव होडीवजा डोंग्यात ओणवे व्हायचे. "खटका वाजेपर्यंत हलाचं नाई, मनसारामभाऊ. दम बी घ्याचा नाई." कॅमेऱ्याचा खटका वाजला की मनसारामचा दम सुटायचा आणि पाण्यावर तरंग उठायचे. भाद्रपदात पोयणा झाला, आश्विनात कळलावी, माघात पळस, फाल्गुनात एकही पान नसलेल्या काटकुळ्या झाडावरची सोनसावरीची पिवळी फुलं. चैत्रात मोह पहाटेच गळतो म्हणून दोघं उजाडायच्या आत झाडाखाली जाऊन बसायचे. ज्येष्ठात कुडा, आषाढात रानहळद. दर वेळी मनसाराम देठ धरायचा, आणि दर वेळी गुणवंतराव कॅमेऱ्यातून खेकसायचे, "बोट! बोट येऊन राह्यलं भाऊ, खाली घ्या!" मनसाराम बोट खाली घ्यायचा. कधी घ्यायचा राहायचा.

आणि तो फोटो. तो तर गुणवंतरावांना काल काढल्यासारखा आठवत होता. पौषातली सकाळ, तलावावर धुकं. पोयण्याची फुलं सरून बोंडं धरली होती. ती टिपून झाली, तसा मनसाराम कुडकुडत पाण्याबाहेर आला, धोतर पिळून पुन्हा नेसला, केसांतून बोटं फिरवली आणि लाजत म्हणाला, "भाऊ, एक माझा बी काढा ना जी." गुणवंतरावांनी त्याला पाळीवर उभा केला. दोन्ही हात सरळ, हनुवटी वर. लख्ख उजेड पडला. पडल्यावरही मनसाराम तसाच ताठ उभा राहिला, कितीतरी वेळ. शेवटी गुणवंतरावच म्हणाले, "झालं भाऊ, हला आता."

इतकं सगळं आठवतं, मग फोटो कुठे आहे?

गुणवंतरावांनी स्टुडिओतली खोकी काढली. सरांना पाठवलेल्या रोलांच्या वाईट निघालेल्या पट्ट्या त्यांच्याकडे उरल्या होत्या. ते दारात उभे राहून एकेक पट्टी सूर्याकडे धरू लागले. निगेटिव्हमध्ये सगळं जग उलटं. पळस निळा, सोनसावर जांभळी, पांढरा पोयणा काळाकुट्ट. त्यातून इतक्या जवळून काढलेलं, की बोंड आहे की डोळा, देठ आहे की हाड, काही पत्ता लागेना. एका पट्टीवर त्यांना चक्क माणसाचं कपाळ दिसलं. आनंदाने त्यांनी भिंग लावलं, तर ते मोहाचं फूल निघालं. दुसऱ्या पट्टीवर हनुवटी दिसली, ती कुड्याची शेंग होती. दोन दिवस हेच. गिऱ्हाईक आलं की त्याच्या तोंडाकडे पाहताना त्यांना वाटायचं, हेही फूलच असावं.

बायको आशाबाई हे सगळं बघत होती. ती स्टुडिओच्या मागच्या खोलीत फोटो कापायची, आणि नवऱ्याच्या सगळ्या खोडी तिला पाठ होत्या.

"कोरडा तं नाई ना मारला?" तिने कात्री न थांबवता विचारलं.

कोरडा म्हणजे काय, हे सांगायला हवं. लग्नाच्या मांडवात पोरं मागे लागतात, फोटो काढा, फोटो काढा. प्रत्येकावर रोल घालवला तर नवरीच्या पाठवणीला काय काढणार? म्हणून गुणवंतराव फ्लॅशच्या पाठीवरचं बारकं बटन दाबायचे. उजेड लख्ख पडतो, कॅमेऱ्यात काही जात नाही. पोरं नाचत निघून जातात. उजेड पडला की फोटो निघाला, अशी सगळ्यांचीच समजूत. बोलाचाच भात आणि बोलाचीच कढी, फक्त इथे ती उजेडाची.

"मनसारामले?" गुणवंतराव उसळले. "वर्षभर त्या मानसानं माझ्यासाठी पाण्यात दम धरला, त्याले मी कोरडा मारीन? डोकं फिरलं का तुझं?"

"मंग चंद्रपुरात पाहा," आशाबाई म्हणाली. "चांगल्या पट्ट्या तं सरपाशीच हायेत."

हे मात्र खरं होतं. गुणवंतरावांना एकदम हायसं वाटलं. चांगल्या पट्ट्यांतच असणार, चांगलाच निघाला असणार! दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने ते गडचिरोलीला गेले, तिथून मूलवरून चंद्रपूर. जटपुरा गेटखाली ऑटो अडकला तेव्हाही ते मनातल्या मनात फ्रेमची पट्टी निवडत होते. काळी बरी, सोनेरी नको.

कोंतमवार सर आधी बावरले. फुलांच्या कामात माणसाचा फोटो कसा असेल, असं त्यांचं म्हणणं. पण माणूस गेला हे ऐकून त्यांनी निमूटपणे सगळ्या पट्ट्या टेबलावर मांडल्या. सर शिस्तीचे. प्रत्येक महिन्याचं पाकीट वेगळं, प्रत्येक फोटोला वहीत नंबर. निगेटिव्हच्या कडेला छापलेला नंबर आणि वहीतला नंबर जुळलाच पाहिजे.

"पौष," गुणवंतराव म्हणाले.

सरांनी पट्टी काचेवर धरली. "तेहेतीस, पोयण्याचं बोंड. चौतीस, पोयण्याचं बोंड. पस्तीस, धायटीचं फूल. छत्तीस, धायटी. संपला रोल."

"चौतीस आन पस्तीसच्या मधात?"

"मध्ये काय असणार? चौतीसनंतर पस्तीसच येतो, गुणवंतराव."

गुणवंतराव त्या दोन चौकटींच्या मधल्या बारीक रेघेकडे बघत राहिले. रेघ केसाएवढी होती. त्या रेघेत धुकं होतं, पाळ होती, हात सरळ ठेवून उभा असलेला मनसाराम होता, आणि त्यांना तो सगळा दिसत होता. मग आणखी एक गोष्ट दिसली. आपला अंगठा. रोलात दोनच फोटो उरले होते, टेकडीवरची धायटी अजून काढायची होती, आणि मनसाराम "माझा बी काढा" म्हणाल्यावर अंगठा आपसूक फ्लॅशच्या पाठीवर गेला होता. पुढच्या रोलात काढू याचा, असं तेव्हा मनात आलं होतं. पुढच्या रोलात पळस आला. नंतर तर आपण काढलाच आहे, असं ते स्वतःच धरून चालले. पोरांना फसवता फसवता त्यांनी स्वतःलाच कोरडा फोटो दाखवला होता.

निघताना सरांनी एक जाडसर पाकीट त्यांच्या हातात दिलं. "हे वाया गेलेले प्रिंट. यांत बोटं आलीत. मला उपयोग नाही, फेकवतही नाहीत. घेऊन जा." पाकिटावर त्यांनी सुबक अक्षरात लिहिलं होतं: बोटं.

परतीच्या बसमध्ये गुणवंतरावांच्या डोक्यात नको नको ते आलं. स्टुडिओत जुन्या म्हाताऱ्यांचे खोकंभर फोटो पडले होते. एखादा काटक, उभट चेहऱ्याचा निवडावा, मोठा करताना जरा धुरकट करावा. दुःखात कोण इतकं निरखून बघतं? पण निवडायचा तर आधी मनसारामचा चेहरा आठवायला हवा. ते आठवू लागले. नाक कसं होतं? बसकं की धारदार? मिशी होती? होती बहुतेक. की नव्हती? मूलचा स्टँड गेला, सावलीचा गेला, वैनगंगेचा पूल गेला, आणि गुणवंतरावांना चेहरा काही आठवेना. मिशी लावली की दुसराच कुणी दिसायचा, काढली की तिसराच. वर्षभर तो माणूस त्यांच्यापासून हातभर अंतरावर होता आणि वर्षभर त्यांनी त्याला चौकटीबाहेर ठेवला होता. धानोरा आलं तेव्हा कंडक्टरला दोनदा हाक मारावी लागली. गुणवंतरावांना मनापासून स्वतःची शरम वाटत होती, आणि ती कुठे ठेवावी हे कळत नव्हतं.

तेरवीच्या आदल्या दिवशी दुपारी ते कनेरीटोल्याला गेले. सपरीत चंदाबाई तांदूळ निवडत होत्या. रीता धावत पुढे आली, हातातल्या पाकिटाकडे बघत. फ्रेम दिसेना तशी ती थबकली.

"नाई सापडला," गुणवंतराव म्हणाले. मग त्यांचं त्यांनाच ते खोटं वाटलं. "सापडला नाई असं नाई. मी काढलाच नवता. नुसता उजेड पाडला होता बाई. रोल सरून राह्यला होता, धायटी काढाची होती... मी मनसारामभाऊले फसवलं. आन तुमाले बी खोटा शबद देल्ला."

रीताचा चेहरा उतरला. तिला नीटसं समजलंच नव्हतं. चंदाबाईंनी सुपातला खडा उचलून बाजूला टाकला.

"ठाऊक हाये जी," त्या म्हणाल्या.

"काय ठाऊक हाये?"

"त्यायनं त्याच दिवशी सांगतलं. घरी आले आन हासाले लागले. म्हने, आज भाऊनं माझा फोटो काढला, उजेड पडला, पन खटका नाई वाजला. मी आपला उभाच, म्हने. खटक्याची वाट पाहून राह्यलो." बाईंचा हात सुपावर थांबला. "वर्षभर खटक्यावरच तं दम सोडत होते. त्याईले नाई समजनार का जी?"

पाळीवर उजेड पडल्यानंतरही ताठ उभा असलेला मनसाराम गुणवंतरावांना पुन्हा दिसला. तेव्हा ते मनात हसले होते, किती भोळा माणूस! फोटो काढलेला प्रत्येक जण आठ दिवसांत स्टुडिओच्या पायरीवर येऊन विचारतो, निघाला का, कसा निघाला. मनसारामने पुढच्या आठ महिन्यांत एकदाही विचारलं नव्हतं. तेही त्यांनी भोळेपणाच्याच खात्यात टाकलं होतं.

"रागावले असतीन," ते कसेबसे म्हणाले.

"नाई जी. म्हने, रोल फुलाचा हाये, सरचा हाये, भाऊ तरी का करंल. मी म्हटलं, मंग मांगा ना एकदा अजून. तं म्हने, नाई मांगत. भाऊले वाईट वाटंल."

"मंग त्या दिवशी मी एवढा छाती ठोकून सांगून राह्यलो, तवा तुमी काऊन नाई बोलल्या?"

चंदाबाईंनी सूप खाली ठेवलं. "मले वाटलं, मंग कवातरी काढला असंल एखादा," त्या म्हणाल्या. "त्यायनं मले सांगतला नसंल. आस तं लागतेच ना जी."

गुणवंतरावांनी पाकीट पुढे केलं. रिकाम्या हाताने जाता येत नव्हतं, एवढंच त्यांच्या मनात होतं. "यात बोटं हायेत," ते ओशाळून म्हणाले. "फोटो बिघडले म्हनून सरनं काढून टाकलेले."

रीताने प्रिंट सपरीत पसरले. फुलं नीटशी नव्हतीच. कुठे अर्धी पाकळी, कुठे हललेला देठ, आणि कडेला, कोपऱ्यात, खालून वर आलेली बोटं. माघातल्या पळसापाशी ती थंडीने उकललेली होती. चैत्रात मोहाच्या रसाने चिकट, त्यावर मुंगी. आषाढातल्या रानहळदीपाशी नखांत चिखल. गुणवंतराव पहिल्यांदाच फुलं सोडून बाकीचं बघत होते. आता महिना ओळखायला त्यांना फुलाची गरज लागत नव्हती.

"हे पाह्य माय," रीता एकदम म्हणाली, "हे मांगूरचं!"

अंगठ्याच्या बुडाशी पांढरा वण होता. मांगूर माशाचा काटा घुसून पिकला होता, रीता तेव्हा लहान होती, बाबाने महिनाभर डाव्या हाताने भात खाल्ला होता. मायलेकी एकेक फोटो उचलू लागल्या. हे जाळं विणतानाचं, हे कुऱ्हाडीचं, हे नख असंच होतं लग्नापासून. चंदाबाईंनी शेवटी पोयण्याचा फोटो उचलला. पाण्यावर पांढरं फूल, काठ जरा पुसट, आणि फुलाच्या खाली, पाण्यातून दिसणारी, देठ धरलेली दोन बोटं. फूल काही नीट आलं नव्हतं. बोटं मात्र लख्ख आली होती.

"हाच मोठा करा जी," त्या म्हणाल्या.

"बाई, यात चेहरा..."

"आमाले ओळखू येते ना."

दुसऱ्या दिवशी तेरवीला पाटावर तोच फोटो होता, रातोरात मोठा केलेला, काळ्या फ्रेममध्ये. गुणवंतराव भिंतीला टेकून, मान खाली घालून उभे होते. लोक येत, हळदकुंकू वाहत, आणि वाकून बघत. कुणी काही म्हणेल याची त्यांना धास्ती होती. एक म्हातारा ढीवर काठी टेकत आला, डोळे बारीक करून त्याने बघितलं आणि म्हणाला, "मनसारामच हाये. असाच धरे थो, देठ तुटू नाई देत होता."

पंगत उठली, गर्दी पांगली. गुणवंतराव लुनाकडे वळले तशी मागून हाक आली.

"फोटोवाले भाऊ, कॅमेरा आनला का जी?"

चंदाबाई सपरीच्या खांबापाशी उभ्या होत्या. पदर डोक्यावरून नीट घेतला होता.

"आनला हाये बाई."

"मंग माझा एक काढा. रीताले माझ्या मांगून पाहिजे पडंल." आणि किंचित थांबून, "खटका वाजवा मात्र."

गुणवंतरावांनी फ्लॅश काढूनच ठेवला. दुपारचं ऊन पुरेसं होतं. त्यांनी भिंगातून बघितलं, कपाळ, डोळे, नाक, गालावरचा तीळ, सगळं सावकाश, एकेक करून. कॅमेरा हलू नये म्हणून दुसऱ्या खांबाला कोपर टेकवलं. चंदाबाईंनी दम धरला.

खटका वाजला. बाई हलल्या नाहीत.

"वाजला ना जी?"

"वाजला बाई."

मग त्यांनी दम सोडला, पदर खोचला, आणि चुलीवरचा उरलेला भात उतरवायला आत गेल्या.